लाल कापडाचा तुकडा घेऊन फोटो फेअरला

पौष लागला की लग्नाचे फोटोग्राफर मोकळे होतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली धावपळ थांबते आणि माघ उजाडला की पुन्हा सुरू होते. मधल्या या रिकाम्या दिवसांत, जानेवारीच्या सुरुवातीला, मुंबईत गोरेगावला फोटोग्राफीच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरतं. ऑल इंडिया फोटोग्राफिक ट्रेड अँड इंडस्ट्री असोसिएशन ही व्यापाऱ्यांची संघटना ते भरवते. अधिकृत नाव चांगलं लांबलचक आहे, पण स्टुडिओवाल्यांच्या तोंडी ते नुसतं ‘फोटो फेअर’. यवतमाळकडची मंडळी दोघं-तिघं मिळून धामणगाव नाहीतर वर्ध्याहून रात्रीची गाडी धरतात, सकाळी दादरला उतरतात आणि लोकलने गोरेगाव गाठतात. नेस्कोच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये शिरलं की पहिला तासभर काहीच सुचत नाही.

कारण फोटोग्राफीचं प्रदर्शन म्हणजे कॅमेऱ्यांचं प्रदर्शन, अशी समजूत घेऊन माणूस आलेला असतो. कॅमेरे असतातच, सगळ्यात झगमगीत जागेवर असतात आणि गर्दीही तिथेच असते. पण हॉलचा मोठा भाग अल्बम, कागद, प्रिंटर, बाइंडिंगची यंत्रं, दिवे, पडदे, फ्रेम, बॅगा, ड्रोन आणि अल्बम डिझाइनची सॉफ्टवेअर यांनी व्यापलेला असतो. बटण दाबल्यानंतर फोटोचं जे काही होतं, त्याचा हा बाजार आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी धंदा करणाऱ्याचा नफा-तोटा ठरतो तो याच भागात, हे माझं मत मी आधीच सांगून टाकतो. दुसरं असं, की इथली प्रत्येक वस्तू स्टॉलवाल्याने लावलेल्या उजेडात, त्याच्या एसीत आणि त्याच्या मॉडेलवर छान दिसणार अशीच मांडलेली असते. आर्णी किंवा घाटंजीच्या मंगल कार्यालयात ती कशी वागेल, हे तिथे कोणी सांगत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

असे मेळे नव्हते तेव्हा सामान आणायला कुठवर जावं लागे, याचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. ओळख ना पाळख, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून त्यांनी संपादक कॅबोर्न यांची भेट घेतली. कॅबोर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. विल्यमसन कॅमेरा तर त्यांनी घेतलाच, पण त्याच्या जोडीला फिल्मच्या कडेला भोकं पाडणारं यंत्रही घेतलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकांविना येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं पाडण्याचं काम पुढे सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. ते यंत्र विसरून नुसता कॅमेरा घेऊन परतले असते, तर १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ झालाच नसता.

मुंबईला या विद्येची ओढ त्याहून जुनी. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रं काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. फ्रान्स सरकारने डॅगेरोटाइपची पद्धत जगाला खुली केली ती १९ ऑगस्ट १८३९ला, म्हणजे तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती.

सामान आणि चित्रं एकाच छताखाली मांडायची रीत जर्मनीतल्या कोलोनच्या ‘फोटोकिना’ने रुळवली. हा मेळा १९५०मध्ये सुरू झाला. एका बाजूला कारखानदारांचे स्टॉल आणि दुसऱ्या बाजूला जगभरच्या छायाचित्रांची दालनं. ही चित्रांची बाजू एल. फ्रिट्झ ग्रुबर या गृहस्थांनी तीसेक वर्षं सांभाळली. नवा कॅमेरा आला की फोटोकिनात दाखवायचा, असा शिरस्ताच पडला होता. पण २०१० साली जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडत होते, ते २०२३मध्ये ८० लाखांच्याही खाली आले. बाकीचे फोनने खाल्ले. फोटोकिना २०१८मध्ये शेवटची भरली. २०२०चा मेळा कोरोनाने रद्द झाला आणि त्याच वर्षअखेरीस आयोजकांनी तिला कुलूप लावल्याचं जाहीर केलं. मग आपल्याकडे अजून गर्दी कशी? तर आपला मेळा हौशी गिऱ्हाइकावर उभाच नाही, तो लग्नांवर उभा आहे. फोन कितीही चांगला असो, मुलीच्या बापाला अल्बम लागतोच.

आता हॉलमध्ये फिरू. कॅमेऱ्याच्या काउंटरवर बॉड्या लोखंडी तारेने बांधून ठेवलेल्या असतात, समोर फुलांनी सजवलेला सेट आणि नटूनथटून बसलेली मॉडेल. मिररलेसचा जमाना आहे. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर दर्शिकेत जायचा आणि बटण दाबलं की आरसा उचलला जायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरवर पडतं तेच चित्र छोट्या पडद्यावर दिसतं. आरसा गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आली. कॅननच्या जुन्या ईएफ बैठकीत लेन्सची कडी आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटर अंतर होतं, नव्या आरएफमध्ये ते २० आहे. निकॉनचं ४६.५ वरून १६ वर आलं. मधल्या मोकळ्या जागेत अ‍ॅडॅप्टरची कडी बसते, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते.

‘चालते’ म्हणजे काय, हे मात्र नीट विचारून घ्यावं. निकॉनच्या जुन्या डी मालिकेतल्या बहुतेक लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतला स्क्रू फिरून ती फोकस करते. निकॉनच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये तो स्क्रूच नाही. त्यामुळे अनेक स्टुडिओंत असलेली जुनी लाडकी ‘फिफ्टी’, म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स, नव्या बॉडीवर बसते खरी, पण फोकस हाताने करावा लागतो. सप्तपदीला ते परवडत नाही.

मग येतो मेगापिक्सेलचा आकडा. गिऱ्हाईकही आता तोच विचारतं. आपल्याकडचा लग्नाचा करिझ्मा अल्बम उघडला की बहुतेक १२ बाय ३६ इंचांचा होतो. एका पानाचा, म्हणजे १२ बाय १८ इंचांचा, पूर्ण फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर ३,६०० गुणिले ५,४०० ठिपके लागतात. गुणाकार केला तर साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत येतो. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत ते आरामात बसतं आणि एरवी एका पानावर चार-पाच फोटो असतातच. दोन्ही पानांवर पसरलेला एकच फोटो लावायचा तर ३९ मेगापिक्सेल हवेत, पण तो हाताच्या अंतरावरून बघायचा असतो, थोडे ठिपके कमी पडले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. ४५ आणि ६१ मेगापिक्सेलच्या फायलींनी मात्र हार्ड डिस्क भरते, कॉम्प्युटर रडतो आणि अल्बम डिझाइन करणारा पोरगा कंटाळतो.

आकड्यापेक्षा मोठी अडचण उन्हाची आहे. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक अक्षरांत वापराचं तापमान दिलेलं असतं: बहुतेक सगळ्यांचं शून्य ते चाळीस अंश. यवतमाळात मे महिन्यात पारा ४२ ते ४५च्या घरात असतो आणि लग्नाच्या तिथीही तेव्हाच दाट असतात. फोर-केमध्ये सलग व्हिडिओ घेताना सेन्सर स्वतःच तापतो, त्यात वरून पत्र्याचा मांडव. कॅमेरा तापल्याची खूण दाखवतो आणि ऐन मंगलाष्टकांत बंद पडतो. नेस्कोच्या एसीत तासभर रेकॉर्डिंग करून दाखवतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. विचारायचं ते असं: आत पंखा आहे का, दोन कार्डांवर एकाच वेळी लिहितो का, बंद पडला तर नागपूरला दुरुस्ती होते का. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. सीझनमध्ये बॉडी मुंबईला पाठवून पंधरा दिवस वाट पाहणं म्हणजे धंदा बंद ठेवणंच झालं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो दिव्यांच्या स्टॉलवर. एलईडी पॅनेल, सॉफ्टबॉक्स, हातात धरायच्या काठ्या, सगळं लखलखत असतं आणि प्रत्येकाच्या खोक्यावर ‘सीआरआय ९५’ छापलेलं असतं. सीआरआय म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याला शंभरपैकी दिलेले गुण. पण हे गुण आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी काढून देतात. गडद लाल रंग, ज्याला ‘आर-नाइन’ म्हणतात, त्या आठांत धरलेलाच नसतो. स्वस्त एलईडीची खोट नेमकी तिथेच असते: सरासरीत पास, लालात नापास. आणि आपल्या लग्नात लाल कुठे नाही? शालू, कुंकू, मांडवाचं कापड. हळदीच्या दिवशी अंगभर पिवळा. असा दिवा लावला की शालू विटकरी दिसतो आणि हळद हिरवट. फोटोशॉपमध्ये ते दुरुस्त करायला बसलं की त्वचेचा रंग बिघडतो, कारण जो लाल प्रकाश दिव्यातच नव्हता तो नंतर आणणार कुठून?

म्हणून खिशात लाल कापडाचा हातभर तुकडा आणि हळदीची पुडी न्यावी. दिवा लावायला सांगायचा, त्याखाली कापड धरायचं आणि हळद तळहातावर घ्यायची. मग तेच दोन्ही घेऊन हॉलच्या दाराबाहेर उन्हात यायचं आणि पुन्हा पाहायचं. फरक डोळ्यांना दिसतो, मीटर लागत नाही. स्टॉलवरची पोरं हसतात, हसू द्यावं. चांगला दिवा विकणारा स्वतःहून आर-नाइनचा आकडा दाखवतो, बाकीचे विषय बदलतात.

दुसरी परीक्षा आरशांची. पुसद, दिग्रस, उमरखेड या पट्ट्यात बंजारा समाजाची लग्नं असतात. बायकांच्या फेटिया-कांचळीवरचं, म्हणजे घागरा-चोळीवरचं, भरतकाम आरशांनी मढलेलं असतं आणि त्यावर समोरून थेट फ्लॅश मारला की प्रत्येक आरसा एक पांढरा भगभगीत ठिपका होतो. कापडाचा रंग, टाके सगळं त्या ठिपक्यांत हरवतं. कारण सरळ आहे: छोट्या जागेतून आलेला प्रकाश आरशात छोटा आणि प्रखरच दिसणार. दिवा जितका मोठा आणि बाजूला, तितकी आरशातली त्याची प्रतिमा मऊ. छतावर उसळवलेला फ्लॅश नाहीतर चार फुटी सॉफ्टबॉक्स हे काम करतो. मांडवाला पांढरं छत नसेल तर उसळवायला जागाच नाही, मग सॉफ्टबॉक्स घ्यावाच लागतो. त्याला वजन किती, वाऱ्यात उभा राहतो का, दोन मिनिटांत उघडतो का, हे स्टॉलवर उघडून-मिटवूनच कळतं. पत्रकात ते कधी नसतं.

तिसरी परीक्षा स्टेजमागच्या एलईडी वॉलची, जी आता तालुक्याच्या लग्नातही पोचली आहे. फोटोत तिच्यावर काळे आडवे पट्टे येतात आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याला दोष देतो. खरं तर ती वॉल अखंड जळतच नाही; सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. डोळ्याला ते समजत नाही. मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर वरून खाली एकेक ओळ करत वाचतं, त्यामुळे वॉल विझलेली असताना वाचलेल्या ओळी काळ्या येतात. ट्यूबलाइटचंही असंच: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पूर्ण मिचकावणी एका फ्रेममध्ये सामावते आणि पट्टे जातात. वॉलसाठी शटरचा वेग बारीक टप्प्यांनी बदलायची सोय काही बॉड्यांत असते. सोनीने २०२३मध्ये सगळा सेन्सर एकदम वाचणारा ए-नाइन थ्री आणला, त्याने ओळीमागून ओळ वाचण्याची कटकटच मिटवली. पण त्याच्या किमतीत यवतमाळात आख्खा स्टुडिओ उभा राहील. फेअरमध्ये एलईडी वॉलना तोटा नसतो. आपलं कार्ड घालून देतात का विचारावं, कॅमेरा त्या वॉलकडे वळवून पाच-सहा फोटो काढावेत आणि घरी जाऊन मोठ्या पडद्यावर पाहावेत. सेटवरच्या मॉडेलचे फोटो काढण्यात काही अर्थ नाही, तो सेट सगळ्यांचे फोटो चांगले यावेत म्हणूनच लावलेला असतो.

ड्रोनचा विषय थोडक्यात. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, अशा पायऱ्या आहेत. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो पैसे घेऊन उडवायचा तर लागतं. फेब्रुवारी २०२२पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. तेव्हा स्टॉलवर ‘इंपोर्टेड आहे, स्वस्तात देतो’ म्हटलं की पाय काढता घ्यावा. आणि पांढरकवड्याकडच्या प्री-वेडिंगला टिपेश्वरच्या जंगलावरून ड्रोन उडवायची कल्पना कोणाच्या डोक्यात आलीच, तर ती तिथेच जिरू द्यावी.

प्रिंटच्या दालनात गर्दी कमी आणि शिकण्यासारखं जास्त. तिथे फोटो छापायच्या निदान तीन वेगळ्या रीती शेजारी-शेजारी उभ्या असतात. जुनी लॅबची रीत अजून जिवंत आहे: चांदीच्या क्षारांचा थर असलेल्या कागदावर लेसरने चित्र उमटवायचं आणि मग ते डेव्हलपर, ब्लीच-फिक्स आणि पाण्यातून काढायचं. रंग खोल येतात, टिकतात. पण रसायनाला रोज काम लागतं. पुरेसे प्रिंट निघाले नाहीत तर ते टाक्यांतच मरतं, म्हणून लहान शहरांतल्या लॅब बंद होत गेल्या आणि फायली नागपूर-अमरावतीला जाऊ लागल्या. दुसरी रीत डाय-सब्लिमेशनची. पासपोर्ट फोटो दोन मिनिटांत हातात देणारं काउंटरवरचं ते चौकोनी यंत्र. त्यात पिवळी, किरमिजी, निळसर अशी रंगीत फीत असते आणि शेवटी एक पारदर्शक थर. उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती कागदात शिरते. वापरून झालेल्या फितीवर गिऱ्हाइकांचे चेहरे तसेच उमटलेले राहतात, ही गोष्ट फार कमी दुकानदारांना ठाऊक असते. ती फीत उकिरड्यावर न फेकता कापून टाकावी. तिसरी रीत शाईच्या प्रिंटरची. चित्रप्रदर्शनातले मोठे प्रिंट आता बहुतेक त्यावरच निघतात.

तिथेच कपावर, उशीवर, टी-शर्टवर फोटो छापणारी मंडळी बसलेली असतात. भांडवल कमी लागतं, म्हणून नवी पोरं इकडे ओढली जातात. त्यांना एक गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगायला हवी. ही छपाईसुद्धा सब्लिमेशनचीच. १८०-२०० अंशांना रंगाची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून अडकते. कापसाच्या धाग्यात ती टिकत नाही. दोन धुण्यांत फोटो भुरका होतो. म्हणजे पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात शुद्ध सुती टी-शर्टवर हा धंदा चालणार नाही, सुरत-लुधियानाकडचं पॉलिस्टरच मागवावं लागणार. सुतीवर छापायची यंत्रं वेगळी असतात आणि महाग असतात. कपावर रंग बसतो तो चिनी मातीला धरून नव्हे, तर त्यावर दिलेल्या पॉलिमरच्या लेपाला धरून. भांड्यांच्या दुकानातला साधा कप आणून भागत नाही.

अल्बमच्या स्टॉलवर अल्बम उघडून मधली घडी पाहावी. बोटाने दाबावी, उलट वाकवावी. आपल्याकडे अल्बम पाव्हण्यारावळ्यांच्या हातून इतक्या वेळा उलटला जातो की शिवण आधी तुटते आणि फोटो नंतर फिका पडतो. म्हणून न फाटणाऱ्या शीटची चलती आहे. चकचकीत, मखमली, मोत्याच्या झाकेचे असे नमुने समोर येतात. त्यांतला मखमली मे महिन्यातल्या घामेजल्या बोटांचे ठसे दाखवत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

खरेदीचा हा गोंगाट पार केला की भिंतींवर चित्रं दिसतात. बहुतेक लोक हॉलमधून बाहेर पडताना त्यांच्यासमोरून चालत जातात, थांबत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, कारण लेन्सचं पत्रक घरी बसून वाचता येतं, पण मोठा प्रिंट प्रत्यक्षच पाहावा लागतो. आधी लांबून पाहावं, मग एवढं जवळ जावं की छपाईचा कण दिसेल, आणि मग सावल्यांत डोकावावं. चांगल्या प्रिंटमध्ये काळ्यातही तपशील असतो: काळ्या घोंगडीची वीण, म्हशीच्या अंगावरचा चिखल. फोनच्या पडद्यावर हे कधी दिसत नाही. १९५५मध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी न्यूयॉर्कला ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे ६८ देशांतल्या ५०३ फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. पुढच्या वर्षी ते मुंबईतही आलं. त्यात फोटो एका उंचीवर, एका मापाचे नव्हते. काही भिंतभर, काही हाताएवढे, काही छताला टांगलेले. माणसाने त्यातून चालावं अशी मांडणी होती. आपल्या गावच्या प्रदर्शनात सगळे फोटो एकाच मापाचे, एकाच दोरीवर, चिमट्यांना लावलेले असतात. त्यातला एक तरी चार फुटांचा करा, बघणारा थांबेल.

स्पर्धेच्या प्रदर्शनांची, म्हणजे सलोनची, दुनिया आणखी वेगळी. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३पासून आहे आणि ती एफआयएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेला जोडलेली आहे. सलोनमध्ये विभाग असतात आणि निसर्ग विभागाचे नियम सगळ्यांत कडक. चित्रात काही जोडायचं नाही, काही पुसायचं नाही, हलवायचं नाही. कडा कापायला हरकत नाही. वन्यजीव म्हणून पाठवलेला प्राणी मोकळा हवा, पिंजऱ्यातला चालत नाही. फांदी मध्ये आली म्हणून ती पुसून टाकली आणि बक्षीस परत द्यावं लागलं, असा प्रसंग ओढवून घ्यायचा नसेल तर मूळ रॉ फाइल जपून ठेवावी, परीक्षक ती मागू शकतात.

यवतमाळला वन्यजीवांचे फोटो म्हटलं की टिपेश्वर. जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण वाघ दिसण्याचं नाव मोठं. इथल्या पर्यटकांच्या हातात आता तोफेएवढ्या लेन्स असतात. तरी या जंगलातले सगळ्यात उपयोगी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यामागे माणूसच नसतो. कॅमेरा ट्रॅप झाडाला बांधलेला असतो, समोरून गरम अंगाचं काही हललं की त्यातला इन्फ्रारेड संवेदक जागा होतो आणि फोटो निघतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय वाघाची ओळख पक्की होत नाही. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांत वाघाचे ७६,६५१. गिनीज बुकाने त्याची जगातलं सर्वांत मोठं कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षण म्हणून नोंद केली.

या कॅमेऱ्यालाही यवतमाळचं ऊन भोवतं, हे विशेष. संवेदक ओळखतो तो जनावराचं अंग आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक. मे महिन्याच्या दुपारी हवा आणि वाघाचं अंग सारखंच तापलं की तो फरक उरत नाही आणि वाघ समोरून गेला तरी कॅमेरा गप्प राहण्याची शक्यता वाढते. फेअरमध्ये कॅमेरा ट्रॅप दिसला, तर शेतात रानडुकरांवर लक्ष ठेवायला घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

टिपेश्वरचाच एक तरुण वाघ २०१९मध्ये घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर चालून तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्या प्रवासाचा नकाशा गाजला तो ठिपक्यांचा, फोटोंचा नव्हे. शेतं, कालवे, महामार्ग ओलांडणारा हा वाघ रस्ताभर फारसा कोणाच्या नजरेस पडला नाही. तो नकाशा भिंतभर छापून यवतमाळच्या एखाद्या प्रदर्शनात लावला, तर जिप्सीतून टिपलेल्या शंभर वाघांपेक्षा लोक त्याच्यापुढे जास्त वेळ उभे राहतील, असं मला वाटतं.

फेअरमध्ये एक स्टॉल मी नेहमी शोधतो आणि तो कधी सापडत नाही: जुन्या निगेटिव्हचा. जिल्ह्यातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यांत, बुटांच्या खोक्यांत निगेटिव्ह पडून आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, बडोद्यात बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातून निघालेले १२० मापाचे चौकोन. वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत रंगवलेल्या विमानात बसून काढलेले जोडप्यांचे फोटो याच पिढीतले. यांतल्या बऱ्याच फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा आहे. उष्णता आणि ओल लागली की तो कुजतो आणि व्हिनेगरचा आंबूस वास सोडतो. ती वाफ डब्यात कोंडली तर शेजारच्या निगेटिव्हही कुजवते. पत्र्याखालचा माळा आणि घट्ट झाकणाचा डबा ही त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

डबा उघडून वास घ्या. आंबूस येत असेल तर त्या निगेटिव्ह वेगळ्या काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून साध्या कागदाच्या पाकिटात घाला आणि खालच्या मजल्यावरच्या हवेशीर कपाटात ठेवा. स्कॅनर नसला तरी अडत नाही. फोनच्या पडद्यावर पांढरं पान उघडायचं, पडद्यापासून दोन बोटं वर काचेवर निगेटिव्ह ठेवायची म्हणजे पडद्याचे ठिपके फोकसमध्ये येत नाहीत, आणि वरून मॅक्रो लेन्सने फोटो घ्यायचा. नंतर रंग उलटे करायचे. पाकिटावर पेन्सिलनेच लिहावं, शाई झिरपते. आणि हे काम पौषातच उरकावं. एकदा माघ लागला की कोणाला सवड मिळत नाही.